रोजच्या गिऱ्हाइकाला कुणी विचारतं का?

मिसळ कुठली चांगली यावर महाराष्ट्राचं एकमत होणार नाही, आणि होऊही नये. कोल्हापूरकर पुण्याच्या मिसळीला गोडमिट्ट म्हणतो, पुणेकराला कोल्हापूरचा कट म्हणजे जिभेवरचा अत्याचार वाटतो, नाशिककर पापड, दही आणि फरसाणाचा ढीग मांडून दोघांकडे दयेनं बघतो आणि नागपूरकर मध्येच तर्री-पोह्याचा विषय काढतो. २०१५ साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत दादरच्या 'आस्वाद'ची मिसळ जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. दादर खूश झालं. बाकीच्यांनी लंडनवाल्यांना मिसळीतलं काय कळतं, असं म्हणून विषय संपवला. ही भांडणं मला मनापासून आवडतात. ज्या गावात खाण्यावरून कुणी भांडत नाही, तिथे जेवायला थांबू नये.

तक्रार आहे ती वेगळीच. खाण्याच्या जागांबद्दल मत देणं आता फार सोपं झालंय. झोमॅटो २००८ साली सुरू झालं ते हॉटेलांची मेन्यूकार्डं एका ठिकाणी दाखवण्यापासून, स्विगी २०१४ची. आता नकाशावर बोट ठेवलं की कोपऱ्यावरच्या टपरीचेही तारे दिसतात. पण हे तारे देतं कोण? बहुतेक वेळा एकदाच येऊन गेलेला माणूस. रोज खाणारा लिहीत नाही, त्याला लिहायचं कारणच पडत नाही. त्याला जे म्हणायचं असतं ते तो गल्ल्यावर पैसे देताना म्हणतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी येतच नाही. जी जागा रोजच्या पोटासाठी आहे, तिचं मोल एकदाच येणाऱ्याच्या जिभेवर ठरायला लागलं की ती जागा रोजच्या माणसाच्या हातून निसटते. म्हणून हा प्रश्न मला चवीपेक्षा शहराच्या कारभाराचा वाटतो.

रोज खाणारा बघतो तरी काय? दुपारी पोटात जळजळतं का, हे बघतो. तेल कालचं आहे का, हे त्याला दारातच वासावरून कळतं. दुसऱ्यांदा रस्सा मागितला की वाढप्याच्या कपाळाला आठी पडते का, सकाळी साडेसहाला पहिला चहा मिळतो का, महिनाअखेरीला 'लिहून ठेवा' म्हणता येतं का. कोथिंबीर महागली की ती पोह्यांवरून गायब होणार हे त्याला मान्य असतं, पण त्याबरोबर पोहेही दोन चमचे कमी झाले तर तो मनात टिपून ठेवतो. यातलं काहीही एका भेटीत दिसत नाही.

एकदाच येणारा लांबून येतो, रांगेत उभा राहतो, फोटो काढतो आणि मग जेवतो. लक्षात राहील असं काहीतरी त्याला हवं असतं, त्यात त्याचा दोष नाही. पण हॉटेलवाल्याला हे बरोबर कळतं. मग तर्रीचा थर जाड होतो, मिसळीवर चीज किसलं जातं, थाळी परातीएवढी होते. २०२१ साली पुण्याजवळच्या एका हॉटेलानं भलीमोठी मांसाहारी थाळी ठरल्या वेळात संपवणाऱ्याला बुलेट मोटारसायकल देऊ केली होती. देशभर बातम्या झाल्या. हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. नाशिकभोवती मळ्यांमध्ये चुलीवरच्या मिसळीच्या जागा निघाल्या, मुलांना झोके, मोठ्यांना झाडाखाली बाजा; सुट्टीच्या दिवशी मीही तिथे आनंदानं जातो. ती सहलीची जागा आहे आणि सहलीला आलेल्यानंच तिचं माप काढावं. अडचण होते ती औद्योगिक वसाहतीच्या फाटकासमोरचं हॉटेलही त्याच मापानं मोजलं जाऊ लागलं की. तिथे पहिली पाळी सुटल्यावर येणाऱ्याला 'वातावरण' नको असतं. अर्ध्या तासात गरम भाकरी, भाजी आणि हात धुवायला पाणी हवं असतं.

या 'लक्षात राहण्या'च्या हव्यासानं प्रांतोप्रांतीच्या जेवणाचं काय केलं, ते कोल्हापूरच्या बाबतीत सगळ्यांत स्वच्छ दिसतं. देशभरच्या मेन्यूकार्डांवर 'कोल्हापुरी' म्हणजे लालभडक आणि तिखटजाळ. खुद्द कोल्हापुरात तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्सा येतो, नारळाच्या दुधाचा, खसखशीचा, सौम्य. तिखट चढलं की माणूस त्याच्याकडे वळतो. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर लोक म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला थांबतात. म्हणजे हे गाव जेवढं मिरचीचं तेवढंच दुधाचं. पण दूध फोटोत लाल दिसत नाही. नागपूरच्या सावजीचंही तेच झालं. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला हा स्वयंपाक, दिवसभर मागावर बसणाऱ्यांचा. आता बाहेरच्यांच्या लेखी त्याची ओळख 'खाऊन दाखव' एवढीच उरलीय. गाव आपलं जेवण समतोल करून खातं. पाहुणा त्यातला सगळ्यांत मोठा आवाज तेवढा घरी घेऊन जातो, आणि काही वर्षांनी गावातली हॉटेलंही तोच आवाज काढू लागतात.

आता खाणावळीकडे येतो. रोजच्या गिऱ्हाइकाचं मत म्हणजे काय ताकद होती, हे तिथे कळतं.

मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार बायकापोरं गावी ठेवून राहत. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्या खाणावळवाल्या बायका करत. दहा-पंधरा गडी, दोन वेळचं जेवण, पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याकडून उधार धान्य, नाहीतर सावकाराचं व्याज. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जं मिळवून दिली. हॉटेल उद्योगाच्या कौतुकाच्या याद्यांत या बायका कुठेही नसतात, पण मुंबईतल्या कापडाचा धंदा यांच्या चुलींवर उभा होता, असं म्हटलं तर त्यात काही अतिशयोक्ती नाही. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार त्यात उतरले, अनेक जण गावी परतले आणि खाणावळवाल्यांची येणी तशीच लटकली. एका गिऱ्हाइकावर चालणाऱ्या धंद्याचं जे होतं ते झालं.

त्या खाणावळीत तारे नव्हते, पण हिशेब होता. आमटी पातळ झाली की त्याच पंगतीत कुणीतरी बोलायचं. ती बाई उलट ऐकवायची, डाळीचा भाव माहीत आहे का म्हणून. बोलणाऱ्याला तो माहीत असायचा, आणि बोलून तो उद्याही तिथेच जेवायला बसायचा. टीका करणाऱ्यालाही त्या टीकेचे परिणाम भोगावे लागतात तेव्हा माणूस जपून आणि नेमकं बोलतो. आमटी पातळ म्हणतो, 'निव्वळ भिकार' म्हणत नाही.

पुण्यात सदाशिव, नारायण आणि नव्या पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलामुलींच्या मेस आहेत, तिथे हा व्यवहार अजून जिवंत आहे. महिन्याचे पैसे आगाऊ, खाडे किती धरायचे यावरून हुज्जत, रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद. मालकीण कुठल्या मुलाची मुलाखत कधी आहे हे सांगू शकते. दर वाढवायचा झाला तर आधी कुरकुर ऐकावी लागते. मुलं सोडून जातात, मग पोळीचा आकार आपोआप पूर्ववत होतो. या मेसबद्दल नकाशावर बघायला जा, 'जागा अरुंद, पंखा हळू' यापलीकडे काही सापडणार नाही. पंखा हळू असतो हे खरंच आहे म्हणा.

अर्थात रोजच्या गिऱ्हाइकाचा कैवार घेताना त्याची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. ओळखीच्या जागेत ओळख नसलेल्याला जागा नसते. कितीतरी जुन्या हॉटेलांत बाई एकटी आत आली की सगळी टेबलं वळून बघत; म्हणून तर लाकडी आडोशाच्या 'फॅमिली रूम' होत्या. आणि जातीचं काय? कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या पाठबळावर चहाचं हॉटेल काढलं, तेव्हा 'अस्पृश्या'च्या हातचा चहा नको म्हणून लोक तिकडे फिरकेनात. महाराजांनी आपली गाडी तिथे थांबवून चहा प्यायला सुरुवात केली, बरोबरच्यांनाही पाजला, तेव्हा कोंडी फुटली. तिथे गावाचं मत चूक होतं आणि वाटेत थांबणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं बरोबर. मुंबईत साठ-सत्तरच्या दशकांत उडप्यांविरुद्ध मोहीम निघाली आणि वडापाव मराठी अस्मितेचा पदार्थ झाला. लोक मात्र सभेला टाळ्या वाजवून आले आणि सकाळी इडलीच खात राहिले. उडुपीकडून आलेल्या शेट्टींचं 'वैशाली' हॉटेल हा आज पुणेकरांच्या अभिमानाचा विषय आहे. आपल्या जिभेला आपल्या राजकारणापेक्षा जास्त अक्कल असते, असं मला अनेकदा वाटतं.

साखळी दुकानांबद्दलही तेच. मॅक्डोनाल्ड्स १९९६ला भारतात आलं, वडापावाची साखळी दुकानं २००१पासून निघाली. नाकं मुरडणारे खूप होते. पण परगावी, रात्री नऊला, लहान मूल बरोबर असताना भाव फलकावर लिहिलेला असणं आणि स्वच्छतागृहाला आतून कडी असणं किती मोलाचं असतं, ते बायकांना विचारा. साखळी दुकानानं अनोळखी माणसाला भरवसा दिला. आपल्या हॉटेलवाल्यांनी तो आधीच दिला असता तर बरं झालं असतं. म्हणून परक्याचं मत गप्प करा असं मी म्हणत नाही. सगळीकडे एकट्या त्याचंच मत चालू नये, एवढंच म्हणतो.

पैशाच्या बाबतीत हे अधिक ठळक होतं. वडापाव १९६६ साली दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला असं मानतात. उभ्या उभ्या खाऊन लोकल पकडायची, हा त्याचा जन्मापासूनचा हेतू. आजही गाडीवरच्या वडापावचे दोन रुपये वाढले की बातमी होते, मॉलमधल्या बर्गरचे वीस वाढले तर कुणाला पत्ता लागत नाही. वाढ कुठून येते, ते मात्र मत देताना कुणी बघत नाही. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून. पुढे मे २०२५मध्ये ते १० टक्क्यांवर आणलं. कढईपर्यंत हे पोचल्याशिवाय कसं राहील? जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं. आदेश योग्यच आहे, तो धूर सगळ्यांत आधी भट्टीवरच्या कामगाराच्या छातीत जातो. पण भट्टी बदलण्याचा खर्च शेवटी पावाच्या लादीवरच चढणार. गिरणी कामगाराचा वारसा सांगणाऱ्या खाण्याचा भाव आपण शुल्क, हवा, जागा या सगळ्यांच्या धोरणांतून ठरवतो आणि चिडतो गाडीवाल्यावर.

कुणाचं मत चालतं हे शेवटी पैसे कुणाच्या हातून येतात यावर ठरतं. एसटीचा थांबा आठवा. गाडी हायवेवरच्या हॉटेलापाशी लागते. प्रवासी एकदाचाच आहे आणि त्याला दुसरीकडे जायची सोय नाही. ड्रायव्हर-कंडक्टर मात्र तिथलं रोजचं गिऱ्हाईक. त्यांचं ताट वेगळं, गरम आणि फुकट असतं, कारण गाडी कुठे लावायची ते त्यांच्या हातात. एसटीनं अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायचा नियम केला होता. तो फलक शोधून काढणारा प्रवासी विरळाच. आणि तक्रार केलीच, तरी हॉटेलवाल्याचं काय बिघडतं? त्याला दुसऱ्या बसमधून दुसरे प्रवासी मिळतात.

सरकारी स्वस्त जेवणाच्या योजनाही इथेच अडकल्या. १९९५च्या युती सरकारनं एक रुपयात झुणका-भाकर दिली. २०००मध्ये योजना बंद झाली, पण मोक्याच्या जागांवरचे स्टॉल राहिले, तिथे झुणक्याऐवजी वाटेल ते विकलं जाऊ लागलं आणि जागांचे वाद कोर्टात गेले. २००९मध्ये शिवसेनेचा शिववडा आला, त्याचीही चर्चा चवीपेक्षा स्टॉलच्या परवानगीचीच झाली. २६ जानेवारी २०२०ला शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, जेवणाऱ्याकडून १० रुपये. शहरात थाळीची किंमत ५० रुपये धरली होती, म्हणजे ४० सरकार देणार. गरजेच्या वेळी, टाळेबंदीत, या थाळीनं खूप लोकांना जगवलं, त्याबद्दल दुमत नको. पण रचना बघा. केंद्र चालवणाऱ्याचे पाचातले चार भाग पैसे मंत्रालयाकडून येतात, मग भाजी बरी नाही हे सांगणाऱ्या हमालाचं तो किती ऐकेल? त्याचं लक्ष बिल कधी निघतं याकडे. डिलिव्हरीच्या ॲपवर चालणाऱ्या स्वयंपाकघराचं दुखणंही याच जातीचं आहे. तिथे गिऱ्हाईक ॲपचं असतं, आचाऱ्याचं नाही. त्याचं नाव-गावसुद्धा हॉटेलवाल्याला कळत नाही. हॉटेलमालकांच्या संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगानं एप्रिल २०२२मध्ये झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचा आदेश दिला, तेव्हा मालकांच्या गाऱ्हाण्यांत कमिशनच्या बरोबरीनं हाही मुद्दा होता.

मग करायचं काय? स्वच्छतेचा प्रश्न ताऱ्यांवर सोडू नये, ही माझी पहिली मागणी. टेबल चकचकीत आहे हे गिऱ्हाइकाला दिसतं, पाण्याची टाकी कधी धुतली ते दिसत नाही. ते बघायला अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक असतात, आणि त्यांनी काय पाहिलं ते त्याच हॉटेलच्या भिंतीवर, गल्ल्याच्या मागे, मराठीत आणि तारखेसकट लागलं पाहिजे. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची स्वच्छता-मानांकनाची योजना आहेही, पण ऐच्छिक. सक्तीची केली तर रोजचा आणि परका, दोघांचंही भलं होईल. गाडीवाल्याला मात्र आधी पाण्याचा नळ आणि कचऱ्याची सोय द्या, मग मानांकनाची भाषा करा.

दुसरी मागणी फेरीवाला समित्यांबद्दल. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानं शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची तरतूद केली, दर पाच वर्षांनी सर्वेक्षण सांगितलं आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या. रहिवाशांच्या संघटनाही त्यात येतात. रस्त्यावर रोज खाणाऱ्याला मात्र तिथे खुर्ची नाही. रहिवासी संघटनेचं मत ठरलेलं असतं: गाडी आमच्या फाटकासमोर नको. त्याच सोसायटीचा वॉचमन पहाटे त्याच गाडीवर चहा-पाव खातो, त्याला कुणी विचारत नाही. सरकारी रुग्णालयाबाहेरच्या गाड्या हटवल्या की फुटपाथ मोकळा झाल्याचे फोटो येतात. वॉर्डात आजारी आईजवळ बसलेल्या पोरानं रात्री अकराला काय खाल्लं, याचा फोटो नसतो. अशा लोकांचे प्रतिनिधी निवडायचे कसे, असा आक्षेप येईल. अवघड नाही. रुग्णालयाच्या कर्मचारी संघटना आहेत, रिक्षावाल्यांच्या आहेत, वसतिगृहांत विद्यार्थी प्रतिनिधी आहेत, हमाल पंचायत आहे. त्यांची दोन-चार नावं समितीवर घेतली तर गाड्या कुठे आणि किती वाजेपर्यंत लावायच्या याचा निर्णय निदान तिथे जेवणाऱ्यांच्या समोर होईल. हमाल पंचायतीला तर यातलं जास्त कळतं. पुण्यात तिची कष्टाची भाकर केंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत, आणि तिथे भाकरी करपली तर ते सांगायला कुणाला ॲप उघडावं लागत नाही.